आमच्या पाहुणीची बोळवण

आमच्या घरी एक पाहुणी आली आणि तीन महिने होत आले तरी गेली नाही, याचा त्रास नालवाडीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना झाला. फक्त आम्हा दोघांना झाला नाही.

पाहुणी आठ वर्षांची होती. तिचं नाव आपण आचल धरू. (खरं नाव सांगायचं नाही असा नियम आहे. आणि नियम असला की मला जरा बरं वाटतं.) तिची आई आजारी होती, उपचार लांबणार होते आणि घरी तिला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. एवढंच मी सांगणार. पुढचं विचारू नका. शेजारच्या वानखेडेवहिनींनी विचारून पाहिलंय. त्यांना जमलं नाही, तिथे तुमचं काय!

मी एका शाळेच्या कार्यालयात हेड क्लार्क आहे. आमच्या फ्रिजवर यादी असते, यादीशेजारी दोरीने बांधलेलं पेन असतं, आणि ती दोरी फ्रिजचं दार उघडलं तरी मध्ये येणार नाही एवढ्याच लांबीची असते. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा मी यादीत लिहिलं, ‘रिकामी खोली – उपयोग?’ ह्यांनी त्यापुढे लिहिलं, ‘कांदे.’

मला ते पटलं नाही. त्याच सुमाराला मला कळलं की ज्या लेकरांना त्यांचं घर काही काळ सांभाळू शकत नाही, त्यांना आपल्या घरी ठेवता येतं. सरकारी रीतीने, कागदपत्रं करून. घरची घडी बसली की ती परत जातात.

“म्हणजे दत्तक?” ह्यांनी विचारलं.

“नाही. तात्पुरतं.”

“म्हणजे आपण जीव लावायचा अन् मग परत द्यायचं?”

“हो.”

हे उठले आणि यादीतल्या ‘कांदे’वर काट मारली. मग म्हणाले, “कांदे व्हरांड्यात ठेवतो.”

आमची चौकशी झाली, घर पाहून झालं, आणि वर्ध्याच्या ऑफिसात आमचं प्रशिक्षणही झालं. तिथल्या मॅडम तरुण, पण आवाज असा की वर्ग आपोआप शांत व्हावा. त्यांनी सांगितलं, लेकराला आई-बाबा म्हणायला लावायचं नाही. खोटी वचनं द्यायची नाहीत. त्याची कहाणी शेजारीपाजारी सांगायची नाही. मी प्रत्येक वाक्याखाली दोनदा रेघ मारली. “आम्ही अधूनमधून न सांगता येऊ,” असंही त्या म्हणाल्या. त्याखाली मी तीनदा मारली.

आचल आली ती जून उजाडायच्या आत, भर उन्हात, खांद्याला एक कापडी पिशवी अडकवून. मॅडमची गाडी वळते न वळते तोच कंपाउंडच्या भिंतीवरून वानखेडेवहिनी उगवल्या. हातात ओल्या चादरीचा पिळा, डोळे पोरीवर.

“कोन आलं वो वहिनी?”

आता बघा. कहाणी सांगायची नाही. खोटंही बोलायचं नाही. कायदा समजावून सांगायला गेलं तर चादर वाळून जाईल. मी क्षणभर विचार केला आणि एका शब्दात विषय मिटवला.

“पाहुणी.”

“अस्सं! किती दिवस हाय?”

“बघू,” मी म्हटलं, आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन दार लावलं. एवढं नेमकं उत्तर मी ऑडिटवाल्यांनाही कधी दिलं नव्हतं!

आता पाहुणी म्हटल्यावर मी पाहुणचारात कसर ठेवीन का? आमच्या शोकेसमध्ये काचेचा एक डिनर सेट आहे, निळ्या फुलांचा. सोबत सोनेरी काठाचे पेले. तो सेट फक्त पाहुण्यांसाठी. घरातलं माणूस त्याला हात लावत नाही, पुसायला म्हणूनही मीच लावते. त्यातलं ताट मी आचलसाठी काढलं. पलंगावर कशिद्याची चादर घातली. नवा टॉवेल, नवा साबण.

“लग्न झाल्यापासून मले या ताटात एकदाही वाढलं नाईस,” हे म्हणाले. (हे जवळच्याच सिंदी गावचे. एरवी शुद्ध बोलतात, मनाला लागलं की सिंदी बाहेर येते.)

“तुम्ही पाहुणे आहात का?”

“नाई. तेच तं दुःख हाय.”

आचल मात्र पाहुणी म्हणून अव्वल निघाली. पाणी हवं असलं की दारात येऊन उभी राहायची आणि कोणी विचारेपर्यंत बोलायची नाही. अर्धी पोळी खाल्ली की “पुरे काकू.” सकाळी उठून चादरीची अशी घडी करायची की मी कपाटातली माझी घडी लपवावी. आणि ती कापडी पिशवी! दोन खण मी रिकामे करून दिले होते, आत वर्तमानपत्र अंथरून. पण पिशवी रिकामी झालीच नाही. फ्रॉक त्यातून निघायचा, धुऊन वाळला की त्यातच परत जायचा. पिशवी रात्रंदिवस दाराशी, चपलांच्या शेजारी. जणू एस.टी. यायचीच आहे.

“नवी जागा आहे, रुळेल,” मी म्हणत होते, आणि रुळावी म्हणून दुप्पट पाहुणचार करत होते.

त्यात गल्लीची भर. आमच्याकडे एका घरी आलेला पाहुणा हा अख्ख्या गल्लीचा असतो. पहिलं बोलावणं वानखेडेवहिनींचं. सांभारवडी. (भरपूर कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली. एक खाल्ली तर जेवण होतं, वहिनी तीन वाढतात.) मग कोपऱ्यावरच्या घरी गोळाभात. मग समोरचे मेश्राम सर, निवृत्त शिक्षक, त्यांच्याकडे पाटवडीचा रस्सा आणि सोबत एक शिसपेन्सिल. सगळीकडे आचल मान खाली घालून जेवली, “पुरे” म्हणाली आणि सगळीकडे तिला एकच प्रश्न विचारला गेला.

“किती दिवस हाय मंग?”

ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, “बघू.”

जून सरला, शाळा उघडल्या, आणि आमची पाहुणी दप्तर घेऊन शाळेत जायला लागली. तेव्हा मात्र गल्ली हादरली. पाहुणा लग्नाला येतो, दवाखान्यासाठी येतो, रुसून येतो. पण पाहुणा येऊन दुसरीत ॲडमिशन घेतो, हे कोणी पाहिलं नव्हतं!

तर्क सुरू झाले. पहिला असा की, माझ्या कुठल्यातरी आगाऊ नातलगाने पोर आमच्या गळ्यात टाकली आहे आणि मी भिडेपायी बोलत नाही. दुसरा ह्यांच्याबद्दल होता, तो मी इथे लिहीत नाही. (ह्यांना मात्र तो आवडला. आठवडाभर भांग पाडून फिरत होते.) तिसरा माझ्या कानावर दळणाच्या गिरणीत आला, “कामाले ठेवली असंल पोट्टी!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कामाला! माझ्या घरी! आणि नेमकी त्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर आचल हळूच म्हणाली, “काकू, मी माह्यं ताट घासू?”

“अजिबात नाही!” मी ओरडले. जरा जोरातच ओरडले, कारण स्वयंपाकघराची खिडकी वानखेडेवहिनींच्या अंगणात उघडते आणि ते त्यांना ऐकू जायला हवं होतं. “भांड्यांना हात लावायचा नाही! स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!”

पोर मुकाट्याने जाऊन कशिद्याच्या चादरीच्या अगदी कडेला बसली.

ह्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “मंगला, ही पोरगी अजून एकदाही भांडली नाही.”

“मग चांगलं आहे की!”

“चांगलं नाही. आपला पोरगा आठ वर्षांचा होता तेव्हा दिवसातून चारदा घर सोडून जायचा. घरचं लेकरू भांडतं. ही भांडेल तेव्हा समजायचं, आली.”

हे मला पटलं. मुद्दा स्पष्ट होता, कार्यवाही शक्य होती. मी यादीत लिहिलं, ‘भांडण – या आठवड्यात.’

मग आम्ही पोरीला भांडायला लावायचे प्रयत्न सुरू केले. मी तिचं कार्टून ऐन रंगात आलेलं असताना बातम्या लावल्या. “चालते काकू,” ती म्हणाली, आणि बातम्या बघायला लागली. ह्यांनी सापशिडीत उघडउघड लबाडी केली, सापाच्या तोंडातून सरळ वर चढले. तिने सोंगटी उचलून आणखी एक घर पुढे ठेवून दिली. “इथं होते तुमी, काका.” मी तिला वाढायला काढलेली शेवटची करंजी तिच्यासमोर स्वतः खाल्ली. (नको होती मला. डाएट चालू होतं.) तिने मला पाणी आणून दिलं.

आठवडा संपला. ‘भांडण’ पुढच्या आठवड्यात ढकललं. मग त्याच्या पुढच्या. असं करत पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मोकळ्या प्लॉटवर तोरणाखाली आणतात, मग दोरीने ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत हिंडतात. सिंदीचा तान्हा पोळा नावाजलेला, त्यामुळे सिंदीच्या माणसाला त्याबद्दल काही बोलायची सोय नाही. ह्यांनी आदल्या दिवशीच सिंदी गाठली आणि आत्याच्या माळ्यावरून स्वतःच्या लहानपणचा नंदी काढून आणला. सागवानी, गुडघ्याच्या वर उंच, एक शिंग मोडलेलं, आणि चाकांचा आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

“आचल, हा तुझ्यासाठी,” हे म्हणाले.

पोरीचे डोळे असे मोठे झाले, की मला वाटलं आता दोरी ओढतेच. तिने एक बोट नंदीच्या पाठीवरून फिरवलं. मग हात मागे घेतला.

“नको काका. पाहुन्यानं कोनाच्या घरचं सामान घेऊन हिंडू नाई. आईनं सांगतलं.”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी फ्रिजकडे बघायला लागले. आम्ही तिला पाहुणी कधी म्हटलं होतं? तिला तर नव्हतं म्हटलं. फक्त तिच्यासमोर अख्ख्या गल्लीला म्हटलं होतं. तीन महिने. रोज.

ह्यांनी नंदी फाटकाला बांधून ठेवला. दिवसभर आचल मधूनमधून तिथे जाऊन आली. एकदा पाहिलं तर चाकांना खोबरेल तेल लागलेलं होतं आणि किरकिर बंद. एकदा पाहिलं तर उरलेल्या शिंगाला बेगडाची पट्टी.

संध्याकाळी पोरं नंदी घेऊन प्लॉटवर जमायला लागली. मी स्वयंपाकघरात पुरणाच्या पोळ्या करत होते. बाहेर गलका ऐकू आला. तो पोरांचा असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग वानखेडेवहिनींचा आवाज आला, “अवो वहिनी, या न बाहेर! पोरीले कुंकू लावाले!”

बाहेर आले तर अंगणात अर्धी गल्ली. आचल मधोमध, पाटावर उभी. कपाळाला कुंकू, अंगात नवा कोरा पिवळा फ्रॉक, हातात नारळ, पायाशी करंज्या-अनारशांची दुरडी. आणि खांद्याला ती कापडी पिशवी! भरायला वेळच लागला नसणार, भरलेलीच होती.

“हे काय?” मी विचारलं.

वानखेडेवहिनी माझ्या कानाशी आल्या. “बोळवण. तुमी नका काळजी करू. तुमच्यानं बोलवत नाई, आमाले समजते. सण झाला, आता पोरीले साजरी बोळवून देऊ. नारळ हातात पडला का मानसाले निघाव लागते, नाई तं अपशकुन होते. ना तिले वाईट वाटत, ना तुमाले बोलाव लागत!”

गल्लीने वर्गणी काढून, मला सोडवायला, माझ्या घरचं लेकरू रवाना करायचा घाट घातला होता! मी उलट्या हाताने घाम पुसला (हात पुरणाचा होता) आणि “अहो, ती कुठे जाणार आहे?” असं म्हणणार, तेवढ्यात फाटकापाशी स्कूटी थांबली. हेल्मेट निघालं. खाली मॅडम होत्या.

न सांगता येऊ, म्हणाल्याच होत्या. तीन रेघा.

मॅडमनी पाटावरच्या पोरीकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. नारळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, पुरणासकट.

“ही कुठे निघाली?”

मी तोंड उघडलं, पण वानखेडेवहिनींचं आधीच उघडलेलं होतं. “गावाले! किती दिवस ठेवतीन बिचाऱ्या? तुमी कोन?”

“मी यांच्या ओळखीची,” मॅडम म्हणाल्या. (त्यांनाही नियम असतात.)

“मंग आयका. आमच्या वहिनीइवानी बाई नाई भेटाची. काय काय केलं या पोरीचं!”

“काय काय केलं?” मॅडमचा आवाज एकदम गोड झाला. प्रशिक्षणात एकदा असा झाला होता, एका गृहस्थांचा मोबाइल वाजला तेव्हा.

आणि वहिनींनी माझं कौतुक सुरू केलं. मनापासून. ओळीने.

“पहिल्या दिवसापासून पोरीचं ताट वेगळं!”

“ताट वेगळं?”

“ताट वेगळं, पेला वेगळा. त्याले घरचं कोनी हात बी लावत नाई! टावेल वेगळा, साबन वेगळा!”

मॅडमनी पर्समधून डायरी काढली.

“अन् सैपाकघरात तं पाऊल टाकू देत नाई. म्या माह्या कानानं आयकलं न, वरडून सांगतलं, भांड्याले हात लावाचा नाई!”

आमच्या जिल्ह्यात कुणाचं ताट वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या ओट्यावर पोरांना पेन्सिली वाटत बसलेले मेश्राम सर उठून उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मंगलाताई,” ते म्हणाले, “मी काय ऐकतोय?”

“सर, ते ताट काचेचं आहे!” मी ओरडले. घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सुचतं ते तो बोलतो. “शोकेसमधलं! निळ्या फुलांचं!”

“काचेचं का?” सर म्हणाले. “म्हणजे स्टीलच्याला विटाळ होतो की काय?”

“अवो सर, काहीतरीच काय!” हे मध्ये पडले. “मले बी नाई देत त्या ताटात!”

“तुमचंही वेगळं?” मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं.

मी आयुष्यभर कागद जपले ते याच दिवसासाठी. “थांबा, फाईल आणते!” मी म्हटलं. लसीकरण, शाळेचा दाखला, उंची-वजनाचा तक्ता, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात. पण मॅडम फाईलसाठी थांबल्या नाहीत. त्या पाटासमोर गुडघ्यांवर बसल्या.

“आचल, तुला इथून जायचंय का बेटा?”

आचलने नारळ छातीशी धरला. माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांच्याकडे पाहिलं नाही.

“सांगतीन तवा जाईन,” ती म्हणाली.

मॅडमनी डायरी मिटली. डायरी उघडी असताना मला भीती वाटत होती. मिटल्यावर जे वाटलं त्याला भीती म्हणत नाहीत. मला दिसलं, ही पोर आता दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी चपलांच्या शेजारी पिशवी ठेवणार. आणि तिथेही अर्धी पोळी खाऊन “पुरे” म्हणणार. मी पदराला हात पुसत उभी राहिले. फाईल कुठल्या कपाटात आहे, तेही मला आठवेना.

आणि तेवढ्यात फाटकापाशी चाकांचा आवाज झाला. म्हणजे, झालाच नाही. तेल घातलेलं होतं ना! पलीकडच्या गल्लीतली एक धिप्पाड पोरगी, बेवारशी दिसला म्हणून, आमच्या नंदीची दोरी सोडून आरामात निघाली होती.

आम्हा कुणाच्याही लक्षात यायच्या आधी आचल पाटावरून उडाली. नारळ गेला एकीकडे, पिशवी गेली चिखलात, पायाखाली दुरडी आडवी झाली.

“ये! सोड! सोड म्हंते न!”

“काऊन? तुह्या बापाचा हाय का?”

“आमच्या घरचा हाय! माह्या काकाचा हाय! सिंदीवून आनला!”

पुढचं मी सगळं पाहू शकले नाही, गर्दी झाली. पण पिवळा फ्रॉक एकदा वर दिसला, एकदा खाली. कुणाची तरी वेणी कुणाच्या तरी मुठीत होती. “आचल, मारामारी नाही!” मी ओरडले. माझ्या शेजारी उभे राहून हे पुटपुटत होते, “खालून ओढ, बेटा, खालून.” मेश्राम सरांनी दोघींना बाजूला केलं तोवर निकाल लागला होता.

आचल परत आली ती नंदी ओढत. फ्रॉकची बाही लोंबत होती, कुंकू नाकापर्यंत आलं होतं, आणि नंदीचं उरलेलं शिंगही मोडून तिच्या हातात होतं. ती थेट माझ्यासमोर येऊन थांबली. कमरेवर हात!

“काकू, तुमी काऊन लक्ष नाई ठेवलं? इतके लोक उभे हाय अन् आपला नंदी घेऊन गेली न ती! फाटक बी उघडं! कोनी बी येते आपल्या घरात!”

अर्ध्या गल्लीसमोर, मॅडमसमोर, एका आठ वर्षांच्या मुलीने मला झापलं. मी ‘हो’ म्हटलं. ‘चुकलं’ म्हटलं. हे फाटक लावायला गेले आणि तिकडेच पाठ करून बराच वेळ कडी लावत राहिले.

“आता मले ते ताट दाखवा,” मॅडम म्हणाल्या. (त्याही मूळच्या इकडच्याच असाव्यात.) त्यांनी ताट पाहिलं, कशिद्याची चादर पाहिली, दारातल्या चपलांशेजारची रिकामी जागा पाहिली. आणि मग त्या हसल्या. खूप हसल्या. सरांनाही आत बोलावून ताट दाखवलं. सर म्हणाले, “नक्षी चांगली आहे. पण ताई, पाहुण्याला घर नसतं, त्याला फक्त मुक्काम असतो.”

“हे आजच्या आज शोकेसमध्ये,” मॅडम म्हणाल्या. “तिला तुमच्यासारखं स्टीलचं. आणि स्वतःचं ताट तिला घासू द्या. बाकीच्यांची नाही, तिचं.”

मी पेन शोधायला लागले.

“लिहू नका. करा.”

अंगणात येऊन, मॅडमना विचारून, मी गल्लीला एवढंच सांगितलं की ही पाहुणी नाही. तिच्या आईला बरं वाटेपर्यंत ती आमच्याच घरची आहे. वानखेडेवहिनींनी डोळ्याला पदर लावला, मग एकदम काढला.

“पन बोळवण तं झाली!”

“मग?”

“मंग म्हंजे? नारळ देल्ला, कुंकू लावलं. आता या घरातून कोनी तरी जावच लागते. नाई तं चांगलं नसते!”

ह्यांनी घसा साफ केला. “सिंदीची आत्या कधीची बोलावून राह्यली मंगलाले.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझं पुरण अर्ध्यावर आहे. वहिनी म्हणाल्या, त्या बघतील. मी म्हटलं, ऑफिस आहे. हे म्हणाले, उद्या रविवार आहे. आचलने चिखलातला नारळ धुऊन आणून माझ्या हातात ठेवला. रात्रीच्या पॅसेंजरने मी सिंदीला निघाले. पुरत्या बोळवणीसह. जाताना फ्रिजवर दोन पानी सूचना चिकटवल्या आणि ‘भांडण’पुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. दार आचलने उघडलं. केस विंचरलेले नव्हते. मागे खोलीत कपाटाचे दोन्ही खण उघडे, त्यातून फ्रॉक लोंबत होते आणि चादरीचा बोळा पलंगावर. हे टीव्हीसमोर, निळ्या फुलांच्या ताटात वरणभात खात होते. मला पाहून त्यांनी ताट मांडीआड सरकवायचा प्रयत्न केला. माझ्या सूचनांच्या पाठीमागे कुणीतरी सापशिडीचे गुण मांडले होते.

मी काही बोलणार, तेवढ्यात आचलने मला खुर्ची दिली. आत गेली. आणि पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये. सोनेरी काठाच्या पेल्यात!

“घ्या काकू,” ती म्हणाली, आणि दाराला टेकून, अगदी वानखेडेवहिनींच्या सुरात विचारलं, “मंग? किती दिवस हाय?”

मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घालून म्हटलं, “सांगाल तेव्हा जाईन.”